बटण दाबलंच नाही

शबनूर नदाफला राग पटकन येतो आणि आला की लवकर जात नाही, असं तिच्या घरचेच सांगतात. घर गडहिंग्लजला. वडील गाद्या भरतात, आई शिवणकाम करते. घरात दखनी, गल्लीत मराठी आणि सीमेपलीकडचं गिऱ्हाईक आलं की कानडी, अशा तीन भाषांत ती वाढली आणि तिन्ही भाषांत भांडायला शिकली. इंजिनीअर झाल्यावर मैत्रिणी पुण्याला गेल्या. ही कोल्हापुरात राहिली, कारण राजारामपुरीतल्या एका कंपनीत तिला मोबाईलची अ‍ॅपं बनवायचं काम मिळालं आणि ते तिला मनापासून आवडलं.

त्यातही तिचा जीव अडकला होता तो पडद्यावरच्या हालचालींत. यादी बोटाबरोबर सरकते, पान उघडतं, बटण दाबलं की ते जरा दबल्यासारखं दिसतं, ह्या सगळ्याला त्या धंद्यात अ‍ॅनिमेशन म्हणतात. बहुतेकांना ती सजावट वाटते. शबनूर म्हणायची की माणूस काचेला बोट लावतो तेव्हा त्याला पलीकडून उत्तर हवं असतं. उत्तर तिथल्या तिथं आलं तर त्याचा विश्वास बसतो. अडखळत आलं तर तो पुन्हा दाबतो, मग जोरात दाबतो, आणि शेवटी आपल्यालाच जमत नाही असं समजून फोन दुसऱ्याच्या हातात देतो. ह्या शेवटच्या गोष्टीची तिला चीड होती. तिच्या आईला कपड्याचं माप नुसत्या नजरेनं कळतं. ती बाई फोन पुढं करून "तूच बघ गं" म्हणायची तेव्हा शबनूरला आईचा नाही, फोन बनवणाऱ्यांचा राग यायचा. आता ती स्वतः बनवणाऱ्यांत होती.

जिल्ह्यातल्या एका दूध संघाचं काम कंपनीकडे आलं. जनावर आजारी पडलं तर लोक संघाच्या एका ठरलेल्या नंबरवर फोन करायचे, तिथला माणूस जवळचा डॉक्टर पाठवायचा. आता तो नंबर बंद करून अ‍ॅप आणायचं ठरलं. अ‍ॅप उघडायचं, 'डॉक्टर बोलवा' हे लाल बटण दाबायचं, की जवळच्या डॉक्टरला गोठ्याचा ठावठिकाणा जाणार. कल्पना चांगली होती. शबनूरनंही हौसेनं कामाला हात घातला.

घोळ झाला तो सुरुवातीच्या पडद्यावर. संघाचे चेअरमन हंबीरराव ह्यांच्या गोठ्यात एक बक्षीस मिळवलेली म्हैस आहे. तिचा हार घातलेला फोटो त्यांच्या केबिनमध्ये लावलेला. कंपनीचा मालक ऋतुराज ह्यानं तो पाहिला आणि चेअरमनना खूश करायचं त्याच्या डोक्यात आलं. बाहेरच्या एका स्टुडिओकडून त्यानं ती म्हैस हलती करून आणली. अ‍ॅप उघडलं की डावीकडून म्हैस डौलात चालत यायची, पायाखाली धुरळा उडायचा, मान वळवायची, गळ्यातली घंटा वाजायची, आणि मग कुठं खालून लाल बटण वर यायचं.

ऋतुराजच्या नव्याकोऱ्या महागड्या फोनवर ते सगळं लोण्यासारखं सरकायचं. हंबीररावांनी आपली म्हैस पुन्हा पुन्हा चालवून घेतली, आल्यागेल्याला दाखवली. शबनूर बैठकीत म्हणाली की सर, गावात लोकांकडं असले फोन नाहीत, साध्या फोनवर हे अडखळेल आणि ज्याला डॉक्टर पाहिजे तो म्हैस बघत बसेल. ऋतुराज म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघू. त्या पडद्याला हात लावायचा नाही, असंही तिला बजावण्यात आलं. अ‍ॅप बाहेर पडलं आणि फोनचा नंबर बंद झाला.

कोडोलीत झुंबरबाई म्हणून एक बाई आहेत. थोडी शेती, गोठ्यात दोन म्हशी, मुलगा कारखान्यावर कामाला. सून तेजस्वी बारावी झालेली, घरात फोन चालवायचा तो तिनंच. एका दुपारी थोरली म्हैस व्यायला झाली आणि अडली. रेडकू आडवं आलेलं. झुंबरबाई म्हशीपाशी बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, डॉक्टर बोलव.

तेजस्वीनं अंगणात उभं राहून अ‍ॅप उघडलं. पडद्याच्या कडेला म्हशीचं नुसतं शिंग दिसलं आणि तिथंच थांबलं. मग म्हशीनं उडी मारल्यासारखी अर्ध्या पडद्यावर झेप घेतली, पुन्हा थांबली. धुरळा उडायचा राहिला, घंटा मात्र वाजली. खालून लाल रंग डोकावला तसं तेजस्वीनं बोट दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं, परत दाबलं. फोनानं ते सगळे स्पर्श गिळून ठेवले आणि नंतर एकदम ओकले. अ‍ॅप बंद पडलं. तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा डावीकडून म्हैस निघाली. गोठ्यातनं झुंबरबाईंची हाक येत होती, हातातला फोन तापत चालला होता आणि पडद्यावर एक सजवलेली म्हैस लंगडत चालली होती. शेवटी ती पोरगी फोन हातात धरून पळत दूध संस्थेत गेली. तिथले सचिव जोतीराम ह्यांनी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. म्हैस वाचली, रेडकू गेलं. रेडी होती.

तक्रार झाली, संघानं कंपनीला विचारलं. कंपनीनं आपल्या नोंदी तपासल्या. त्या दुपारी त्या फोनवरनं डॉक्टरसाठी काहीच मागणी आलेली नव्हती. ऋतुराजनं उत्तर धाडलं की अ‍ॅपमध्ये दोष नाही, वापरणाऱ्यानं बटण दाबलंच नाही. जोतीरामनी ते उत्तर संध्याकाळी दूध घालायला आलेल्या रांगेसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवसापासून तेजस्वी गावात 'बटण न दाबणारी सून' झाली. नवरा बोलला, भावकीतल्या जावा हसल्या, आणि सासूनं फोन काढून पेटीत ठेवून दिला.

रेडकू जाणं हे वाईटच. पण ज्या पोरीनं जिवाच्या आकांतानं बोट झिजवलं, तिलाच चारचौघांत अडाणी ठरवायचं, आणि तेही थंड केबिनमध्ये बसून, ह्याला काय म्हणायचं?

शबनूरला हे कळलं ते ऑफिसात चहाच्या वेळी, तेही गंमत म्हणून. गावाकडच्या बायकांना बटण दाबायचंसुद्धा शिकवावं लागतंय, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. तिनं कप ठेवला, झालेलं सगळं विचारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून कोडोलीच्या एसटीत बसली.

झुंबरबाईंनी दारातच विचारलं, पावणं कुठलं. शबनूरनं खरं ते सांगितलं की मी त्या अ‍ॅपच्या कंपनीतनं आलेय.  बाई म्हणाल्या, "आता काय बघायला आलीयास? जायचं ते गेलं की."

शबनूर म्हणाली, "मावशी, मला तुमचा फोन बघायचाय. तुम्हाला काय विचारायला आलेली न्हाय मी."

फोन पेटीतनं निघाला. जुना, काचेला तडा गेलेला, पण धडधाकट. तिनं तेजस्वीला शेजारी बसवून अ‍ॅप उघडलं. म्हैस तशीच आली, शिंगापासून. शबनूरनं सोबत आणलेल्या लॅपटॉपला फोन जोडला आणि आत काय चाललंय ते बघत बसली. बघता बघता तिच्या कपाळाची शीर उठली, असं तेजस्वी अजून सांगते.

तिनं तेजस्वीला समजावलं ते असं. पडद्यावर काही हलतं म्हणजे खरं तर काही हलत नाही. फोन भराभर नवीन चित्र काढतो, सेकंदाला साठेक. चित्रं वेळेवर आली तर डोळ्याला हालचाल दिसते, चुकली तर धक्का. आणि चित्र काढायचं, बोटाचा स्पर्श ऐकायचा, दोन्ही कामं फोनात एकाच हाताकडं असतात. चुलीपुढं भाकरी थापणारी बाई एकटी आहे असं समज. तिलाच दार उघडायला पाठवलं, तिलाच पोराला घ्यायला लावलं, तर तव्यावरची भाकरी करपणारच. इथं त्या एकाच हाताला म्हैस काढायला लावली होती, तीही भल्यामोठ्या चित्रातनं. पावलागणिक अख्ख्या पडद्याची मापं नव्यानं घ्यायला लावली होती. आणि त्याच वेळी तालुक्यातल्या सगळ्या डॉक्टरांची यादी वाचायला बसवलं होतं. म्हैस पडद्याबाहेर गेली तरी घंटा आतल्या आत हलतच होती, फोन तापत होता तो त्यानं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, म्हशीचं चालणं संपल्याशिवाय बटणाला बोटाचा स्पर्श घ्यायची मुभाच नव्हती. लाल रंग दिसत होता, पण ते बटण नव्हतं. बटणाचं नुसतं चित्र होतं.

तेजस्वीनं सगळं ऐकून घेतलं. मग खाली मान घालून म्हणाली, "म्हंजे मी दाबलंतं."

"दाबलंतंस की. पुन्हा पुन्हा दाबलंस. ऐकणारंच कोण नव्हतं."

झुंबरबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, शबनूरच्या हातातनं फोन घेतला आणि पेटीकडं न जाता तो सुनेच्या हातात दिला. मग आत जाऊन चहा टाकला.

परत येऊन शबनूरनं तो पडदा उलगडला, हात लावायचा नाही हे बजावलेलं असूनही. लाल बटण तिनं सगळ्यात आधी आणलं, अ‍ॅप उघडल्या क्षणी, जागच्या जागी, दाबता येणारं. डॉक्टरांची यादी वाचायचं काम दुसऱ्या हाताकडं दिलं, म्हणजे चित्र काढणारा हात मोकळा. म्हशीचं चित्र लहान केलं आणि ते एकदाच काढून नुसतं सरकवायचं, दर पावलाला पडद्याची मापं घ्यायची नाहीत, असं केलं. धुरळा काढून टाकला. म्हैस दिसेनाशी झाली की घंटा थांबते असं केलं. आणि फोन दमलेला असेल, किंवा ज्याचा फोन त्यानंच त्यातल्या हालचाली बंद ठेवल्या असतील, तर म्हैस चालतच नाही, शांत उभी राहते. ह्या कामासाठी तिनं बाजारातनं तेजस्वीच्या फोनासारखाच जुना फोन आणला आणि त्याच्यावर लोण्यासारखं सरकेपर्यंत सोडलं नाही.

ऋतुराजनं ते पाहिलं आणि त्याला ते आवडलंसुद्धा. हेच मला कळत नाही. माणूस काही दुष्ट नव्हता. चांगलं काम त्याला ओळखता यायचं. तो म्हणाला, मस्त झालंय, पुढच्या आवृत्तीत घालू. शबनूरनं विचारलं की मग संघाला दिलेलं उत्तर मागं घ्यायचं ना? तो म्हणाला, ते राहू दे, उगाच चूक कबूल केली तर काम हातचं जाईल. नोंदीत मागणी आलेली नाही ही वस्तुस्थिती आहे.

"सर, नोंदीत एवढंच दिसतं की आपल्यापर्यंत काही पोचलं नाही," ती म्हणाली. "तिनं दाबलं नाही, हे तुम्ही कुठनं आणलं?"

ऋतुराजनं विषय बदलला. नवी आवृत्तीही रखडली, कारण चेअरमनच्या म्हशीचा धुरळा काढलाय हे त्यांना सांगायचं कुणी, ते ठरेना.

ह्यावर कडी संघानं केली. अ‍ॅप वापरता येत नाही अशा तक्रारी आणखीही गावांतनं यायला लागल्या होत्या, म्हणून संघानं 'महिला मोबाईल प्रशिक्षण शिबिर' घ्यायचं ठरवलं. बटण कसं दाबावं ते बायकांना शिकवायला. पहिलं शिबिर कोडोलीतच. फलक लागले, त्यावर हंबीररावांचा फोटो, शेजारी म्हशीचा. आणि शिकवायला कंपनीनं कुणाला पाठवावं, तर शबनूरला. बाई आहे, बायकांना बरं पडेल, असा त्यामागं विचार.

ती गेली. संस्थेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, बायका दुपारची कामं टाकून आलेल्या. तेजस्वी मागं भिंतीला टेकून बसलेली, शेजारी झुंबरबाई. हंबीररावांनी नारळ फोडला, चार शब्द बोलले, काळाबरोबर चालायला शिका म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. जोतीरामनी शबनूरच्या हातात माईक दिला.

ती म्हणाली, "मला तुम्हाला बटण दाबायला शिकवायला पाठवलंय. पण तुम्हाला ते येतंय. चूक तुमच्या बोटात न्हाय, आमच्या अ‍ॅपात हाय. सगळ्यांनी आपापला फोन काढा आणि अ‍ॅप उघडा."

हॉलभर फोन निघाले. सगळीकडं म्हशी चालायला लागल्या, कुणाची शिंगावर अडकली, कुणाची अर्धी आली, कुणाची मागं सरकली. घंटा वाजल्या त्या एकाही ठेक्यात नाहीत. आधी बायका हसल्या. मग एकीनं सांगितलं की आमची गाय फुगलेली तेव्हा असंच झालं. दुसरी म्हणाली, मला वाटलं माझ्याच हाताला घाम हाय. तिसरीनं नवऱ्याकडनं खाल्लेल्या शिव्या सांगितल्या. हसणं थांबलं. जिला तिला वाटत होतं की चुकतंय ते आपलंच, आणि म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

हंबीरराव उठले. ते भिंतीपाशी गेले आणि तेजस्वीकडं हात पुढं केला. तिनं फोन दिला. त्यांनी अ‍ॅप उघडलं, आपली म्हैस अडखळताना पाहिली, लाल रंगावर अंगठा दाबला, परत दाबला. हॉलमध्ये सगळ्या बघत होत्या. झुंबरबाई बसल्या जागेवरनंच बोलल्या, आवाज न चढवता.

"चेअरमन, माझी म्हस गोठ्यात तळमळत हुती आन् तुमची म्हस फोनात मिरवत हुती. सुनंला मी वंगाळ बोलले. तुमच्या कागदावर इस्वास ठिवून बोलले."

हंबीररावांनी फोन तेजस्वीला परत दिला. मग शबनूरला विचारलं, दुरुस्त करता येतंय का. ती म्हणाली, कधीच केलंय, तुम्हाला सांगायचं धाडस कुणाचं होईना. त्यांचा चेहरा लाल झाला. राग कुणावर ते कळलं नाही, पण तिच्यावर नव्हता. "माझी म्हस काढा त्यातनं," ते म्हणाले. "आणि तो फोनचा नंबर उद्याच्या उद्या चालू करा."

माईक जोतीरामना परत देताना शबनूरनं त्यांना सांगितलं की ज्या रांगेसमोर ते उत्तर वाचलंत, त्याच रांगेसमोर हेही सांगा. जोतीराम म्हणाले, बघतो. त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं, दुधाचं फॅट बघता बघता, पुटपुटल्यासारखं. पण झुंबरबाई रांगेत होत्या. त्या म्हणाल्या, ऐकू आलं न्हाय. जोतीरामना मान वर करून पुन्हा सांगावं लागलं.

कंपनीत दुसऱ्या दिवशी ऋतुराजनं शबनूरला केबिनमध्ये बोलावलं. गिऱ्हाईकासमोर कंपनीची अब्रू काढलीस, म्हणाला. तिला त्या कामावरनं काढलं, जुन्या अ‍ॅपांची किरकोळ डागडुजी दिली, आणि ऑफिसात तिच्याशी बोलणारे कमी झाले. तिनं राजीनामा दिला. गडहिंग्लजला आईनं काळजी केली, वडिलांनी नाही. ते म्हणाले, कापूस भिजलेला असला तर गादी भरायची न्हाय, गिऱ्हाईक कितीबी घाई करू दे.

सध्या ती कोल्हापुरातच एका खोलीत बसून स्वतःची कामं घेते. आजऱ्याच्या एका काजू फोडणाऱ्या बायकांच्या संस्थेचं अ‍ॅप तिच्याकडं आहे. त्यातही हालचाली आहेत. ती काही हालचालींच्या विरुद्ध नाही. काम पूर्ण झालं की एक हिरवी खूण हलकेच उमटते, बोट उचलायच्या आत. बायकांना ती आवडते.

दूध संघाच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती निघाली. शबनूरनंच लिहिलेली, तिचं नाव कुठं नाही. म्हैस गेली, बटण आलं. तेजस्वीनं फोन करून सांगितलं की आता एका बोटात लागतं. मग शबनूरनं, नवीन आवृत्तीत काय बदललंय ते कंपन्या खाली लिहितात, ते वाचलं. तिथं एक ओळ होती: किरकोळ सुधारणा.

नोकरी सोडल्यापासून तिनं ऋतुराजला फोन केला नव्हता, तो तेव्हा केला. विचारलं, ह्यातलं किरकोळ कुठलं? तो हसला. म्हणाला, "अगं, सगळेच तसं लिहितात."

सगळेच तसं लिहितात, हे खरं आहे. शबनूरला ते पटलेलं नाही. मलाही नाही.